फळीची कड आणि पाण्याचा प्रवाह

लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत जाण्यासाठी जी फळी वापरतात तिला सर्फबोर्ड म्हणतात. तिची लांबी, रुंदी आणि शेपटाचा आकार सहज नजरेत भरतो. परंतु वरचा पृष्ठभाग आणि तळ जेथे एकमेकांस मिळतात त्या कडेकडे नवशिक्याचे लक्ष क्वचितच जाते. या कडेला रेल असे नाव आहे. फळी लाटेला धरून राहील की तिच्यावरून सुटून वेगाने धावेल, हे बऱ्याच अंशी या कडेवर अवलंबून असते.

यामागील तत्त्व समजून घेण्यासाठी समुद्र गाठण्याची आवश्यकता नाही. रायपूरसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरातही ते घरच्या नळाखाली पाहता येते. चमच्याचा दांडा दोन बोटांत सैल धरून त्याची फुगीर बाजू पाण्याच्या धारेला हळूच टेकवावी. धार चमच्याला दूर लोटील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात चमचा धारेत ओढला जातो. पाणी फुगीर पृष्ठभागाला बिलगून वळते. चमचा धारेला आपल्याकडे वळवतो, तेव्हा धारही चमच्याला आपल्याकडे खेचते. आता जाड, गोल काठाच्या लोट्यातून पाणी सावकाश ओतून पाहावे. ते काठावरून वळून लोट्याच्या अंगावरून ओघळते. याउलट, पातळ व धारदार चोचीच्या भांड्यातून ते एकदम सुटून पडते. तात्पर्य, गोल कड पाण्याला धरून ठेवते. तीक्ष्ण कड त्याला सोडून देते.

हाच नियम फळीला लागू पडतो. लाटेच्या उतारावर फळी तिरकी धावू लागली, म्हणजे लाटेकडील कड पाण्यात रुतते. ही कड गोल असेल तर पाणी तिला वळसा घालून वर चढते आणि फळीला लाटेत ओढून धरते. पकड मिळते, परंतु बिलगलेले पाणी वेगाला अडथळा करते. कड तीक्ष्ण असेल तर पाणी तेथेच विलग होते, फळी हलकेच वर उचलली जाते आणि वेग वाढतो. मात्र अशी कड पुढील टोकाजवळ असेल, तर ती भलत्या वेळी पाण्यात अडकते आणि स्वार क्षणात फेकला जातो. म्हणूनच पुष्कळ फळ्यांची कड पुढे व मध्ये मऊ आणि शेपटाजवळ तीक्ष्ण ठेवलेली आढळते.

कडेच्या जाडीचेही महत्त्व आहे. जाड कड सहजासहजी बुडत नाही. ती वजनदार स्वाराला तोलून धरते, पण वळताना तिला पाण्यात दाबणे कठीण जाते. पातळ कड चटकन रुतते व वळण घट्ट होते. मात्र तोल सांभाळताना झालेली किंचित चूकही ती पदरात घेत नाही.

तर मग तीक्ष्ण कडच श्रेष्ठ समजावी काय? तसे नाही. खोड कोरून केलेला नदीतील डोंगा पाण्यात बुडून, संथपणे चालतो. त्याच्या गोलसर बाजूंमागे पाणी शांतपणे पुन्हा मिळते. तेथे धारदार कडा भोवरे उठवून शक्ती वाया घालवतील. पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाणाऱ्या वेगवान नौकेला मात्र त्याच कडा उपकारक ठरतात. वेग बदलला की गुणाचा दोष होतो.

फळीचा इतिहासही याला पुष्टी देतो. १७७८ साली कॅप्टन जेम्स कुक यांची जहाजे हवाई बेटांवर पोहोचली, तेव्हा ही क्रीडा तेथे पूर्वापार रुजलेली होती. तेथील लाकडी फळ्यांना तळाशी पर नसे. त्यामुळे लाटेवर पकड राखण्याचा भार फळीच्या तळावर, कडांवर आणि स्वाराच्या कौशल्यावर पडे. १९३५ साली टॉम ब्लेक यांनी माशाच्या परासारखी उभी पट्टी तळाला बसवली आणि या कामाचा मोठा वाटा तिने उचलला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फळ्या आखूड झाल्या. त्यानंतर तळाकडे उतरलेली तीक्ष्ण कड रूढ होत गेली.

सारांश, सर्व लाटांना व सर्व स्वारांना सोयीची अशी एकच कड संभवत नाही. पाण्याला कोठे धरावे आणि कोठे सोडावे, याचा निवाडा करणे हेच फळी घडविणाऱ्याचे खरे कसब होय. नवशिक्याने मात्र वेगाच्या मोहात न पडता मऊ व भरदार कडेची फळी निवडावी, हेच श्रेयस्कर.