आधी इंजिनाला हात लावा
पाठ : लूक 14:28–30

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू शिकवतो. मलकापुरात जुना पॉवर टिलर घ्यायला गेलो, तेव्हा हा पाठ मला नव्याने कळला.

कातकरी बचत गटाचे पैसे माझ्या पिशवीत होते. निघताना प्रार्थना केली होती. तपासायचे काय, ते मात्र ठरवले नव्हते. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झाले. मी पैसे काढू लागलो. गटातल्या मावशींनी इंजिनाला हात लावला. "दादा, हे आधीच तापलंय. गार झाल्यावर परत लावून बघू." गार झाल्यावर ते बराच वेळ सुरू होईना, झाले तेव्हा निळा धूर. म्हणजे इंजिन ऑइल जाळत होते. आम्ही रिकामे परतलो, पण पैसे वाचले.

जुने यंत्र घेताना :
1. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा.
2. ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे.
3. रोटरची पाती, पट्टे, क्लच तपासा.
4. बिलावरचा इंजिन नंबर जुळवा.
5. दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.

मननासाठी : दुसऱ्याच्या घामाचा पैसा हाती असताना मी कोणाचे ऐकतो?