गंज घासू नका, नोंद ठेवा

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये, शहाड स्टेशनच्या अंगाला, माझा छोटा ऑफसेट छापखाना आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. जुन्या पत्त्यांत अजून बराक नंबर लिहितात. लग्नपत्रिका, बिलबुकं, सिंधी टिपणो म्हणजे पंचांग, यांवर माझा छापखाना चालतो. त्याच मशीनवर मी जुन्या मराठी हत्यारांची पुस्तकं छापतो, तीही मोजक्या प्रतींची, कल्याण-बदलापूरपासून साताऱ्यापर्यंत पसरलेल्या आमच्यासारख्याच वेड्यांसाठी. जपानी तलवारींचे जाणकार एकेका कारागीर घराण्यावर स्वतंत्र पुस्तक काढतात, हे पाहिलं तेव्हा वाटलं की फिरंग, धोप, पट्टा या आपल्या तलवारींवर असं काम मराठीत व्हायलाच हवं. तलवारी जमवताना आणि पुस्तकं छापताना जे हाती लागलं, ते इथे लिहितो आहे.

१. तलवार घरी आली की आधी काहीच करू नका.

लोकांचा हात पहिला जातो तो पॉलिश पेपरकडे. काही जण तर थेट बफिंगवाल्याकडे नेतात आणि स्टीलच्या भांड्यासारखं लखलखीत पातं घेऊन येतात. त्या चमकीबरोबर काय गेलं ते त्यांना कळत नाही. मुठीवर सोन्याची तार ठोकून केलेली कोफ्तगिरी केसाएवढी पातळ असते, ती दोन हातांत निघून जाते. चांगल्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखा दिसणारा जौहर बफिंगखाली दिसेनासा होतो. टोच्याने ठिपके मारून कोरलेला नोंदीचा लेख तर आधीच पुसट असतो.

जपानमध्ये या बाबतीत फार कडक शिस्त आहे. तलवारीच्या मुठीत जाणारा जो लोखंडी भाग असतो, त्यावरचा गंज तिथे कोणी काढत नाही. त्या गंजाचा रंग आणि पोत पाहून जाणकार तलवारीचं वय ठरवतात. तो गंज घासला की तलवारीची किंमतही जाते आणि विश्वासही. आपल्याकडे काळा, घट्ट बसलेला जुना गंज आणि नारिंगी, बोटाला लागणारा चालू गंज यांतला फरक ओळखला तरी पुष्कळ झालं. चालू गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं, मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, आणि थांबायचं.

पावसाळ्यात पातं म्यानात ठेवू नका. उल्हास नदीच्या या खोऱ्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, आणि म्यानातलं लाकूड व चामडं ती ओल धरून बसतं.

२. पातं आणि मूठ यांची वयं वेगवेगळी काढा.

जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका खुंटीवर अडकवलेली असते. खुंटी काढली की पातं मोकळं होतं आणि मुठीखाली कारागिराची सही सापडते. आपल्या तलवारीची शेपटी पोकळ मुठीत घालून लाखेने पक्की करतात. लाख तापवली की सुटते, म्हणून मुठी बदलणं सोपं होतं आणि ते सर्रास झालं. आजोबांचं पातं, नातवाने बसवलेली मूठ, त्यावर आणखी कोणी केलेली दुरुस्ती, असं एकाच तलवारीत सापडतं.

फिरंगेत ही सरमिसळ अगदी उघड दिसते. युरोपातली सरळ पाती पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्याच्या आणि कोकणच्या बंदरांत उतरली, आणि इथल्या कारागिरांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीजच्या लिलावात निघाली. ती राज्य सरकारने मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. तिचंही पातं युरोपातलं आहे, मूठ आपली आहे, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने कोरलेलं नाव ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब मिरवणाऱ्या रघूजींचं आहे. तलवार देशी की विलायती, हा प्रश्नच तिथे अपुरा पडतो. वर्णन करताना मी पात्याचा एक परिच्छेद आणि मुठीचा दुसरा परिच्छेद लिहितो, आणि दोन्ही एकाच काळातले आहेत असं गृहीत धरत नाही.

३. पात्यावरचं नाव वाचता आलं म्हणजे कारागीर सापडला असं नाही.

आमच्या बराकीत एक वयोवृद्ध सिंधी दादा राहायचे. फाळणीच्या आधी सिंधमधल्या शिकारपूरला शाळेत गेलेले, त्यामुळे अरबी वळणाची लिपी त्यांना सहज वाचता यायची. छापखान्यात टिपणोची प्रुफं तेच तपासत. एकदा एक वाकडी तलवार मी त्यांच्यापुढे धरली. मुठीच्या खाली, बोटाच्या पेराएवढ्या चौकटीत सोन्याची अक्षरं होती, त्यातली अर्धी झडलेली. दादांनी चष्मा कपाळावर चढवला, पातं खिडकीकडे तिरकं केलं आणि हाताने हवेत एकेक वळण गिरवत वाचलं: अमल-ए-असदुल्ला इस्फहानी. असदुल्लाची करणी.

नाव मोठं आहे. इराणच्या शाह अब्बासच्या काळाशी जोडला गेलेला हा कारागीर. पण त्याचं नाव असलेली पाती इतकी आहेत, आणि त्यांचा काळ इतका लांब पसरला आहे, की एका माणसाच्या आयुष्यात ती मावणं शक्य नाही. असदुल्ला हे नाव पुढे उत्तम पोलादाची हमी म्हणून चाललं. युरोपातही तेच झालं. जर्मनीतल्या पासाऊ आणि सोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे; ती, तसंच इटलीतल्या जिनोआचं नाव आणि दातेरी कोयत्यासारख्या दोन कमानींची खूण इतरांनी बिनदिक्कत उचलली. आपल्याकडच्या लोहारांनीही त्या खुणा हुबेहूब मारल्या. म्हणून पुस्तकात मी ‘असदुल्लाने केलेली तलवार’ असं लिहीत नाही, ‘असदुल्लाचं नाव असलेली तलवार’ असं लिहितो. एवढ्या फरकावर वाद घालायला माझी तयारी असते.

दादांनी त्या दिवशी पातं परत देताना त्याला हात लावून नमस्कार केला. सिंधमधून निघताना घरचं काय काय मागे राहिलं, ते मग बराच वेळ सांगत बसले. तेही मी लिहून ठेवलं आहे.

४. घराण्याची गोष्ट पूर्ण ऐका आणि वेगळ्या रकान्यात लिहा.

ज्याच्या घरी तलवार असते, त्याच्याकडे तिची गोष्ट असतेच. पणजोबांनी पानिपतावर चालवली, छत्रपतींनी बक्षीस दिली, वाड्याच्या भिंतीत सापडली. ही गोष्ट खोडायला जाऊ नये आणि पुरावा म्हणून छापूही नये. माझ्या नोंदवहीत तीन रकाने आहेत: डोळ्यांना दिसतं ते, कागदावर सापडतं ते, आणि घरचे सांगतात ते. ‘घरचे सांगतात’ या रकान्यात सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख लिहितो.

मोठ्या संस्थांनाही हाच नियम पाळावा लागतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ती होती, इथवरची वाट सांगता येते. शिवरायांनी अफजलखानाच्या भेटीत वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं लंडनच्या संग्रहालयानेच नोंदवलेलं आहे. ती वाघनखं पाहताना माझे डोळे भरून आले होते, आणि तरीही ती नोंद योग्य आहे असंच मी म्हणेन. शिवरायांचं मोठेपण एखाद्या वस्तूच्या दाखल्यावर अवलंबून नाही.

५. पैसे देण्याआधी कायदा बघा.

शंभर वर्षांपेक्षा जुनी तलवार १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. १९५९ चा शस्त्र कायदा त्याशिवाय आहेच. खरेदीची पावती आणि विकणाऱ्याचं लेखी पत्र घ्या, आणि व्यवहाराआधी पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या भागात काय लागतं ते विचारून घ्या. ज्या तलवारीचा मालक कागद द्यायला कां-कू करतो, ती कितीही सुंदर असली तरी सोडून द्यायची.

६. पुस्तक थोड्यांसाठी छापा, पण पूर्ण छापा.

या विषयाची पायाभूत पुस्तकं इंग्रजीत आहेत. एगर्टनची यादी १८८० ची, रॉसनचं ‘द इंडियन स्वोर्ड’ १९६८ चं, त्यानंतर जी. एन. पंतांचे ‘इंडियन आर्म्स अँड आर्मर’चे खंड. तिन्ही हाताशी हवीतच. पण त्यांत उत्तर भारत भरभरून आहे आणि आपला घाट, आपलं कोकण त्या मानाने थोडं. परज, गादी, ठोला, पिपळा हे तलवारीच्या भागांचे शब्द लोहाराच्या आणि शिकलगाराच्या तोंडून आले पाहिजेत आणि ते मराठी पानावर उमटले पाहिजेत. दोनशे-तीनशे प्रतींपलीकडे या पुस्तकांना गिऱ्हाईक नाही, हे मी छापखानेवाला म्हणून सांगतो. तरीही काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगतो.

लोखंडाचा फोटो छापणं सगळ्यांत अवघड. चार रंगांत छापलं की करडा रंग कधी हिरवट होतो, कधी तांबूस, आणि सावलीचा भाग नुसता काळा गोळा होतो. मी काळ्याबरोबर एक वेगळा करडा घेऊन दोन रंगांत छापतो. मग पात्यावरची नाळ आणि धार वेगळी दिसते. पूर्ण तलवार दोन पानांवर पसरली तर मधल्या शिलाईत तिचा बाक गडप होतो, आणि अभ्यासकाला नेमका तोच हवा असतो. म्हणून घडीचं पान घालतो, खर्च वाढला तरी. प्रत्येक फोटोत सेंटिमीटरची पट्टी असते. बांधणी चिकटवलेली नको, दोऱ्याने शिवलेलीच हवी, कारण वाचणारा हे पुस्तक टेबलावर सपाट उघडून शेजारी तलवार ठेवतो.

लेख असेल तिथे फोटोवर विसंबू नका. शिलालेखाचा घेतात तसा पातळ कागदावर पेन्सिलीने ठसा घ्या. मात्र हे ठोकलेल्या किंवा खोल कोरलेल्या अक्षरांसाठीच, सोन्याच्या कामावर पेन्सिल फिरवायची नाही. जपानी जाणकार आजही मुठीखालच्या सहीचा असा ठसा घेतात आणि धारेवरची नक्षी हाताने रेखाटतात. कॅमेऱ्याला जे एका कोनातून दिसतं, ते हाताला सगळ्या कोनांतून दिसलेलं असतं.

७. संग्रह कोणाकडे जाणार, ते हयातीत ठरवा.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ मध्ये सरकारच्या हवाली केला. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला होता. त्याच्या नावाने या संग्रहाचं संग्रहालय आज उभं आहे. पण असा शेवट थोड्याच संग्रहांना लाभतो. बहुतेक वेळा मालक जातो, मुलं वाटण्या करतात, तलवारी चार दिशांना पांगतात. तेव्हा मागे राहतं ते फक्त छापलेलं पुस्तक.

८. मोडीत जाण्याआधी नोंद व्हायला हवी.

जपानने १८७६ मध्ये तलवार लावून हिंडण्यावर बंदी घातली. आपल्याकडे इंग्रजांचा शस्त्र कायदा १८७८ चा. दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही देशांतल्या तलवारी कमरेवरून उतरल्या. १९४५ च्या पराभवानंतर जपानमध्ये तलवारी जप्त होऊ लागल्या, तेव्हा तिथल्या जाणकारांनी त्या कलावस्तू आहेत हे पटवून दिलं. १९४८ मध्ये त्यांच्या जतनासाठी संस्था उभी राहिली आणि ती आजही तलवारी तपासून दाखले देते. आपल्याकडे देवघरात, माळ्यावर, देवळाच्या गाभाऱ्यात किती तलवारी आहेत, याची तालुक्यापुरतीसुद्धा यादी माझ्या पाहण्यात नाही.

येत्या खंडेनवमीला घरची तलवार पूजेला काढाल, तेव्हा ओलं हळदकुंकू पात्यावर लावू नका, मुठीला लावा. पूजा झाली की पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे, मुठीचे आणि लेखाचे फोटो काढा. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला तिची गोष्ट विचारा आणि तारखेसह लिहून घ्या. त्या कागदाची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.