एंजिन न उघडता निदान



आमच्या शेजारी एक टॅक्सीचालक राहतात. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या गाडीचा दम एकाएकी गेला. सपाट रस्त्यावर ती कशीबशी चाले, पण चढ आला की धापा टाकी. गॅरेजमध्ये चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तो १२ वातावरणांच्या आसपास हवा होता, भरला अवघा ८. ‘रिंगा गेल्या, एंजिन उतरवावे लागेल,’ असे निदान झाले. एंजिन उतरवायचे म्हणजे मोठा खर्च, आणि तितके दिवस गाडी बंद. टॅक्सी बंद म्हणजे घरातली मिळकतही बंद!

हे निदान बरोबर होते का? ते ठरवण्यासाठी आपल्याला थोडे पदार्थविज्ञान लागेल. त्यातले बरेचसे तुम्ही शाळेत शिकलाच आहात.

सिरिंजचा प्रयोग

सुई नसलेली २० मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज घ्या. तिचा दट्ट्या २० च्या खुणेपर्यंत ओढा. पुढचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या १० च्या खुणेपर्यंत आत ढकला. हवेचे आकारमान निम्मे झाले, म्हणून बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब दुप्पट झाला. आता दट्ट्या सोडून द्या. तो पुन्हा २० च्या जवळ येईल. (घर्षणामुळे एखादा मिलिलिटर इकडेतिकडे होईल, तो सोडून द्या.)

आता हाच प्रयोग अंगठा किंचित सैल ठेवून करा. दट्ट्या दाबताना थोडी हवा निसटू द्या आणि मग अंगठा पुन्हा घट्ट करा. सोडल्यावर दट्ट्या, समजा, १७ पर्यंतच आला. आता तो हाताने २० पर्यंत ओढून पाहा. ओढताना जोर लागतो, कारण १७ मिलिलिटर हवा २० मिलिलिटर जागेत पसरली आहे. आतला दाब १७/२०, म्हणजे ०.८५ वातावरण झाला आहे.

गळती कळण्यासाठी आपल्याला अंगठ्याखाली डोकवावे लागले नाही. दाबताना गेलेली हवा परतताना कमी पडली, एवढ्यावरून गळती कळली. एंजिनाचे निदान याच तत्त्वावर होते.

दोन फेऱ्यांचा आलेख

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात दट्ट्याच्या चार धावा होतात : शोषण, संपीडन, शक्ती आणि निष्कास. या चार धावांत क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या, म्हणजे ७२० अंश पुरे होतात. एंजिन मिनिटाला ७५० फेरे या मंद गतीने चालत असेल, तर एका फेऱ्याला ०.०८ सेकंद आणि पूर्ण चक्राला ०.१६ सेकंद लागतो. इतक्या वेगाने बदलणारा दाब डोळ्यांनी काट्यावर वाचता येणार नाही. म्हणून तपासायच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून त्याच्या जागी विद्युत दाबसंवेदक बसवतात. तो दाबाच्या प्रमाणात विद्युतदाब देतो, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आलेख उमटतो. त्या सिलिंडरचे इंधन आणि ठिणगी बंद केलेली असते. बाकीचे सिलिंडर एंजिन चालते ठेवतात. त्यामुळे आपल्या सिलिंडरात ज्वलन होत नाही. हवा नुसती आत येते, दाबली जाते, पसरते आणि बाहेर जाते. (हे काम जाणकारांचे आहे. घरच्या गाडीचा प्लग तुम्ही स्वतः काढू नका.)

आता वही घ्या. आडव्या अक्षावर ० ते ७२० अंश आणि उभ्या अक्षावर ० ते ५ वातावरणे दाब घ्या. हा दाब निर्वातापासून मोजायचा आहे. निरोगी एंजिनाचे आकडे साधारण असे येतात :

० अंश : दट्ट्या अगदी वर, हवा पूर्ण दाबलेली. दाब ५.
९० अंश : दट्ट्या खाली येत आहे. दाब ०.५.
१४० अंश : दाब ०.३. येथे निष्कास झडप उघडते.
१८० ते ३६० अंश : झडप उघडी, सिलिंडर बाहेरच्या हवेला जोडलेला. दाब १.
४०० ते ५४० अंश : शोषण धाव. दाब ०.३५.
६३० अंश : दट्ट्या वर चढत आहे. दाब ०.५.
७२० अंश : पुन्हा दाब ५.

शोषणाच्या वेळी दाब एका वातावरणाहून इतका कमी का, असे तुम्ही विचाराल. मंद गतीत हवेच्या वाटेवरची थ्रॉटल झडप जवळजवळ बंद असते. दट्ट्या खाली जातो, पण हवा पुरेशी आत येत नाही.

बिंदू जोडा. एक उंच सुळका दिसेल, आणि त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतील. उजवीकडे १४० अंशांपाशी एक खड्डा दिसेल. तेथे निष्कास झडप उघडताच सायलेन्सरच्या नळीतला वायू कमी दाबाच्या सिलिंडरात घुसतो आणि रेषा झपकन वर चढते.

एका आलेखात दोन घड्याळे

हा आलेख नीट पाहा. सुळक्याचा माथा दट्ट्या केव्हा वर आला ते सांगतो. दट्ट्या क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. खड्ड्यातून वर येणारे वळण झडप केव्हा उघडली ते सांगते. झडपा कॅमशाफ्टमुळे उघडतात. म्हणजे एकाच आलेखात दोन घड्याळे चालू आहेत. त्यांचा मेळ टायमिंग बेल्ट राखतो.

आता दोन रोगांची तुलना करू.

पहिला रोग गळतीचा. रिंगा झिजल्या किंवा झडप नीट बसत नसली, तर संपीडनात हवा निसटते. सुळका ठेंगणा होतो. परतताना हवा कमी पडते, म्हणून खड्डा नेहमीपेक्षा खोल जातो. सिरिंजमधले ०.८५ आठवा! पण वळण १४० अंशांवरच राहते. गळती नेमकी कोठे आहे, हे पुढे वेगळे तपासतात. दट्ट्या वर ठेवून आणि दोन्ही झडपा बंद असताना सिलिंडरात दाबाची हवा सोडतात. फुसफुस तेल भरायच्या तोंडाशी ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरपाशी आली तर निष्कास झडप, आणि हवा आत घेणाऱ्या नळीत आली तर शोषण झडप दोषी असते.

दुसरा रोग पट्टा सरकण्याचा. समजा, क्रँकशाफ्टच्या चाकाला २० दाते आहेत. मग एक दाता म्हणजे ३६०/२० = १८ अंश. पट्टा दोन दाते सरकून कॅमशाफ्ट मागे पडला, तर झडपांची सारी कामे ३६ अंश उशिरा होतात. शोषण झडपही उशिरा मिटते आणि वर येणारा दट्ट्या आत घेतलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो. दाबायला हवा कमी उरते. चारही सिलिंडरांचा दाब उतरतो, आणि रिंगा मात्र ठणठणीत असतात!

गॅरेजमधल्या साध्या दाबमापकात एकदिशा झडप असते. ती सर्वांत जास्त दाब धरून ठेवते, म्हणून त्यावर एकच आकडा मिळतो. दोन्ही रोगांत तो आकडा कमीच दिसणार. परीक्षेतले एकूण गुण पाहून विद्यार्थी कोणत्या विषयात कच्चा आहे, ते कळत नाही, तसेच हे.

जुनी विद्या

ही कल्पना नवी नाही. जेम्स वॉटने वाफेच्या एंजिनासाठी छोटा दट्ट्या आणि स्प्रिंग असलेला दाबदर्शक बनवला होता. १७९६ साली त्याचा सहकारी जॉन सदर्न याने त्याला सरकती पाटी आणि पेन्सिल जोडली. एंजिन स्वतःच आपल्या दाबाचा आलेख काढू लागले. ही युक्ती त्यांच्या कारखान्याने कित्येक वर्षे गुप्त ठेवली होती. पुढे १८३४ साली क्लापेरॉन या फ्रेंच अभियंत्याने दाब आणि आकारमान यांचा आलेख कार्नोच्या उष्णता-एंजिनाच्या सिद्धांतासाठी वापरला. आज तुमच्या पाठ्यपुस्तकात दिसणारा तो आलेख असा एंजिनघरातून आला आहे.

टॅक्सीचे काय झाले?

रिंगा झिजायला वर्षे लागतात; हा दम तर एका दिवसात गेला होता. शंका घ्यायला एवढे कारण पुरे होते. दुसऱ्या गॅरेजमधल्या मेस्त्रींकडे दाबसंवेदक होता. त्यांनी आलेख काढला. खड्डा जास्त खोल नव्हता, पण वळण १४० ऐवजी १७६ अंशांपाशी आले होते. फरक ३६ अंशांचा, म्हणजे बरोबर दोन दात्यांचा. झाकण काढून पाहिले तर पट्टा सैल होऊन सरकलेला. नवा पट्टा आणि ताण देणारी पुली बसवल्यावर चारही सिलिंडर पुन्हा १२ च्या जवळ आले. एंजिन उतरवावे लागले नाही, आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सी रस्त्यावर आली.

पहिल्या मेस्त्रींचा आकडा चुकीचा नव्हता. एका आकड्याला दोन कारणे असू शकतात, हे विसरणे ही चूक होती. प्रयोगशाळेत तुम्हीही एखादे वाचन घेऊन लगेच निष्कर्ष लिहिता, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

विचार करा

१. चारपैकी एकाच सिलिंडरचा दाब कमी आहे, बाकी तीन ठीक आहेत. पट्टा सरकला असेल का?

२. सायलेन्सरची नळी आतून तुंबली, तर आलेखाचा १८० ते ३६० अंशांमधला भाग कसा दिसेल?

३. एंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर पूर्ण चक्राला किती वेळ लागेल?

उत्तरे वहीतल्या आलेखावर पेन्सिलीने काढून पाहा.