इन-इयर पुसा, धुऊ नका

स्टेजच्या बाजूला मॉनिटरच्या मिक्सरमागे उभं राहणाऱ्या माणसाकडे कलाकार दोन तक्रारी घेऊन येतात. एक म्हणजे "माझा आवाज मला कमी येतोय" आणि दुसरी "डावा गेला". पहिलीवरचा इलाज माझ्या बोटाखाली असतो. दुसरीचं मूळ बहुतेकदा ग्रीनरूममध्ये सापडतं. माझ्या हातात मेलेले म्हणून जे इन-इयर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर, आले, त्यांतले काही आपटून गेले होते, काही वायर तुटून. पण सगळ्यांत जास्त गेले ते कुणीतरी मन लावून साफ केल्यामुळे. मळाने आवाज दबतो, पण मळ बहुधा काढता येतो. मळ काढण्याच्या नादात आत घातलेलं पाणी मात्र सहजासहजी काढता येत नाही.

नवरात्रातला एक कार्यक्रम. मैदानात दांडिया, ऑक्टोबरची तलखी, त्यात संध्याकाळी एक सर येऊन गेलेली. मुख्य गायिका मध्यंतरात बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "दादा, डावीकडे नुसतं घुमतंय. झांजा ऐकूच येत नाहीत." आधी त्यांचा पॅक, म्हणजे कमरेला लावायचा रिसीव्हर, बदलून पाहिला. फरक नाही. मग डावी वायर उजव्या तुकड्याला आणि उजवी डाव्याला लावली. दोष त्याच तुकड्यात राहिला, म्हणजे वायर आणि पॅक दोन्ही सुटले. टॉर्च मारला तर कानात जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी पिवळट थर दिसला. म्हटलं, "ताई, थांबा जरा, ब्रश आणतो." मी माझ्या पेटीपाशी जाऊन येईपर्यंत त्यांच्याबरोबरच्या पोराने खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून नळीत फवारे मारलेसुद्धा. वर टिश्यूने पुसून तुकडा चकचकीत करून ठेवला. आता झांजाही नाहीत, घुमणंही नाही. डावा पूर्ण बंद.

पोराचा हेतू चांगला होता. पण आत काय झालं ते बघा. स्पिरिट मळ विरघळवतं आणि स्वतः पाण्याहून सहज झिरपतं. तोंडाशी अडकलेला मळ पातळ होऊन जाळीतून आत उतरतो. स्पिरिट उडून जातं, मळ मात्र आतच वाळतो, जिथे ब्रश पोचत नाही. त्यात सॅनिटायझर म्हणजे नुसतं स्पिरिट नव्हे. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित कृतीतही ते १.४५ टक्के घालायला सांगितलंय. हाताला ते बरंच आहे, पण ग्लिसरीन उडून जात नाही. ते चिकट राहतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं.

या नळीमागे नेमकं काय असतं, हे पाहिलेलं असलं की हात आपोआप जपून चालतो. बऱ्याच चांगल्या इन-इयरमध्ये पाच-सात मिलिमीटरच्या धातूच्या पेट्या असतात. त्यांना बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर म्हणतात. पेटीत दोन चुंबकांच्या मधोमध एक पातळ पाती थरथरते आणि अतिशय नाजूक पडदा हलवते. आवाज बारक्या छिद्रातून नळीत येतो. त्या छिद्रात एक थेंब गेला की पडदा अडतो. हे ड्रायव्हर मुळात श्रवणयंत्रांसाठी बनले होते. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडचा मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी याने १९९५ मध्ये ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले, त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली. आतले ड्रायव्हर मुळात श्रवणयंत्रांचेच असल्यामुळे इन-इयर कसे जपायचे, हे आपल्या वाद्यांच्या दुकानांपेक्षा श्रवणयंत्र विकणाऱ्याला जास्त ठाऊक असतं. आजोबांचं यंत्र रात्री डबीत ठेवणाऱ्या आजीलाही ते ठाऊक असतं. फरक इतकाच की बऱ्याच श्रवणयंत्रांना मळ अडवणारी बदलता येणारी गाळणी असते, आणि आपल्या इन-इयरला बहुतेकदा नसते.

आता माझी पद्धत सांगतो. कार्यक्रम संपला की इन-इयर वायरीला धरून ओढायचे नाहीत. तुकडा बोटांत धरून जरा फिरवत काढायचा. लगेच चष्मा पुसायच्या मऊ कोरड्या फडक्याने घाम पुसायचा, वायरीचा कानामागचा वळलेला भागसुद्धा. पारदर्शक वायर तिथेच आधी हिरवी पडते. घाम तांब्याला लागला की हे होणारच. पुसताना नळीचं तोंड जमिनीकडे. हा नियम मी कुणालाही पहिल्यांदा सांगतो आणि शेवटीही हाच सांगतो. ब्रश, फडकं, टॉर्च, काहीही हातात असो, तोंड खाली. जे सुटेल ते बाहेर पडलं पाहिजे.

नळीतला मळ रात्री काढायला जाऊ नका. कानातून नुकताच निघालेला मळ ऊबेने मऊ असतो आणि ब्रश लागला की पसरतो. रात्रभर कोरड्या डबीत राहू द्या. सकाळी तो कडक झालेला असतो आणि मऊ, कोरड्या ब्रशच्या दोन-चार झटक्यांत सुटतो. मापाने बनवलेल्या कस्टम जोडीबरोबर एक छोटं हत्यार मिळतं. एका टोकाला ब्रश आणि दुसऱ्या टोकाला तारेचं कडं, थेट आजीच्या कानकोरण्याचं धाकटं भावंड. हे कडं फक्त तोंडाशी दिसणारा मळ उचलण्यापुरतं. दिसत नाही तिथे घालायचं नाही. कस्टमच्या नळीत आत बऱ्याचदा आवाज नियंत्रित करणारा रंगीत डॅम्पर बसवलेला असतो. कड्याने तो मागे ढकलला गेला की दोन कानांचा सूर वेगवेगळा लागतो, आणि कलाकार मला म्हणतो, "आज मिक्स बरोबर नाहीये."

तयार मिळणाऱ्या जोडीत नळीवर जाळी असते. तिला टाचणी, सुई, टूथपिक काहीही लावू नका. जाळी गोंदाने चिकटवलेली असते, टोचली की आत जाते. मळ घट्टच बसला असेल तर कापसाच्या काडीला ७० टक्के आयसोप्रोपिल स्पिरिट लावा, काडी फडक्यावर टिपून जवळजवळ कोरडी करा आणि तोंड खाली धरून जाळीवर नुसती फिरवा. कस्टमच्या अ‍ॅक्रिलिक कवचाला मात्र स्पिरिट नको. अ‍ॅक्रिलिकवर बारीक भेगांचं जाळं उठतं आणि ते पुसून जात नाही. तिथे ओलसर फडकं पुरे. अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपेंट काढायचं पाणी, कशालाच नको. फुंकरही नको, तुमच्या फुंकरीत वाफ आणि थुंकी दोन्ही असतात. काँप्युटर साफ करायच्या हवेच्या डब्याचा झोत तर त्या पडद्याला फाडूच शकतो. व्हॅक्यूम क्लीनर लावणारे महाभागही मी पाहिलेत.

नळीवरच्या सिलिकॉनच्या टोप्या खुशाल काढून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. धुवायची एवढी एकच गोष्ट या सगळ्यात आहे. पण धुतल्यावर टोपीच्या आतल्या भोकात थेंब राहतो. टोपी बाहेरून कोरडी दिसते. घाईने नळीवर बसवली की तो थेंब नळीत सरकतो आणि जाळीवर जाऊन बसतो. मी टोप्या फडक्यावर रात्रभर उपड्या ठेवतो आणि बसवण्याआधी प्रत्येक भोकातून उजेडाकडे बघतो. फोमच्या टोप्या धुऊ नका. पुसा, आणि परत फुगेनाशा झाल्या की टाकून द्या. तिथे कंजूषपणा नको.

ओलीचं प्रकरण मळापेक्षा फसवं आहे. एसी हॉलमध्ये कार्यक्रम सुरू होतो, अर्ध्या तासात एका कानातला आवाज हळूहळू मावळतो. मध्यंतरात इन-इयर टेबलावर पडून राहतो आणि नंतर आवाज आपोआप परत येतो. कलाकाराला वाटतं मी काहीतरी केलं. मी काहीच केलेलं नसतं. कानाची नळी शरीराइतकी ऊबदार आणि दमट, इन-इयरची नळी एसीमुळे गार. वाफ गार जागी पाणी होऊन बसते, जाळीच्या बारीक भोकांवर पाण्याचा पडदा धरतो आणि आवाज अडतो. हा मळ नाही, त्यामुळे खरवडू नका. टोपी काढा, तोंड खाली करून फडक्यावर हलकेच टेकवा, जाळीला कोरडं टिश्यू नुसतं लावा. टिश्यू पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कामं असतील तर सुटी टोपी आणि टिश्यू खिशात ठेवावेच लागतात.

आणि मग ती जाड, कडक, वॉटरप्रूफ पेटी. दिसायला भारदस्त, वर नाव कोरलेलं. घामाने भिजलेला इन-इयर तिच्यात घालून झाकण लावलं की ओल आत कोंडली. बाहेरचं पाणी आत येत नाही तसं आतलं बाहेरही जात नाही. दोन दिवसांनी पेटी उघडली तर कुबट वास येतो, वायरीच्या पिना काळवंडलेल्या. त्या पेटीतून ने-आण करा, पण आधी तुकडे पुसून कोरडे होऊ द्या आणि आत सिलिका जेल ठेवा. पेटी गाडीत विसरू नका. उन्हात बंद गाडी तापते तेव्हा इन-इयरमधला गोंदही तापतो.

वाळवण्यासाठी सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीची वस्तू श्रवणयंत्राच्या दुकानात मिळते. ड्राय किट म्हणून मागा. घट्ट झाकणाची डबी आणि आत सिलिका जेल, बस्स. जेल केशरी दाण्यांचं घ्या. ओल भरली की रंग बदलतो, मग मंद ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दाणे तापवले की पुन्हा वापरता येतात. अर्थात, इन-इयर बाहेर काढून. निळे दाणे टाळा, त्यांतला रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि तो हाताळण्याजोगा नाही. बुटांच्या खोक्यातली जुनी पुडी डबीत टाकून निर्धास्त होणारे बरेच भेटतात. ती पुडी दुकानातच ओल पिऊन बसलेली असते, तिने काही होत नाही. तांदळाने तर त्याहून होत नाही. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट पीठ सोडतो, आणि ते पीठ जाळीत बसतं. हेअर ड्रायरचा विषय काढूच नका. त्याने पाणी आत ढकललं जातं, गोंद मऊ होतो, कवच वाकतं. इन-इयर खरंच पाण्यात पडला तर टोपी आणि वायर काढा, पुसा, तोंड खाली करून जेलच्या डबीत निदान एक दिवस ठेवा, आणि "बघू तरी चालतोय का" म्हणून दर तासाला काढू नका. ब्लूटूथवाल्या तुकड्यांत बॅटरी असते, ते पूर्ण कोरडे झाल्याशिवाय चार्जिंगच्या डबीत ठेवू नका.

कानाचंही थोडं बघितलं पाहिजे. आमचे एक ढोलकीवाले मामा कार्यक्रमाआधी कानात कोमट खोबरेल घालायचे. लहानपणची सवय. त्यांचे इन-इयर दर हंगामात बसायचे. तेल जाळीतून वर चढतं आणि वाळत नाही. मी त्यांना म्हटलं, "मामा, डोळ्यांत तेल घालून वाजवा, कानात नको." हसले आणि पुढच्या कार्यक्रमाला कोरड्या कानाने आले. आंघोळीनंतर ओल्या कानात इन-इयर घालू नका. पावसाळ्यात कानात बुरशी धरते, ओला आणि बंद कान तिला हवाच असतो. ऐनवेळी दुसऱ्याचा इन-इयर उसना घ्यायची वेळ आलीच तर निदान टोप्या स्वतःच्या लावा. कान खाजत असेल, वाहत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नको.

त्या दांडियाच्या रात्री ताईंनी उरलेला कार्यक्रम डावा कान मोकळा ठेवून केला. मोकळ्या कानात मैदानाचा गोंगाट शिरतो, त्यावर मात करायला माणूस दुसऱ्या कानाचा आवाज वाढवतो. त्यांनीही वाढवला. मी मिक्सरवरून शक्य तेवढा आवर घातला, पण पॅकवरचं बटण त्यांच्या कमरेला होतं. अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या मर्यादेत ८५ डेसिबलला आठ तास बसतात, तर १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मळाने दबलेला इन-इयर याच कारणाने घातक. आवाज कमी आला की माणूस साफ करायच्या आधी बटण फिरवतो. तेव्हा एका बाजूचा आवाज घसरला तर पॅकला हात लावू नका. इशारा करा, मॉनिटरवाल्याला बघू द्या.

नवरात्राची कामं धरलेली असतील तर जोडी आत्ताच टॉर्चखाली बघून घ्या. दोन्ही तुकड्यांत एकच ओळखीचं गाणं आळीपाळीने ऐका. वायर बदलून, टोपी बदलून, रात्रभर वाळवूनही एक बाजू कमी येत असेल तर आत काही घालू नका. ज्यांनी बनवली त्यांच्याकडे द्या. कस्टम जोडी दुरुस्तीला गेली की परत यायला आठवडे लागतात, आणि ऑक्टोबरच्या तोंडावर सगळ्यांचीच गेलेली असते.