नऊ मुलांचे पथक

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या पटांगणात आपले स्काऊट पथक जमते. एके काळी तिथे सव्वीस मुले रांगेत उभी राहत. आज नऊ आहेत. मुलींचे गाईड पथक तर दोन वर्षांपूर्वीच बंद पडले. ते चालवणाऱ्या ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या आणि त्यांची जागा घेईल असे कोणीच तयार झालेले नव्हते.

मागील बैठकीत धर्मग्राम परिषदेतील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "नऊ पोरांसाठी एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, म्हणून तो टाळणेही योग्य नव्हते. आम्ही त्यावर विचार केला, घरोघर गेलो, पालकांशी बोललो. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे मांडत आहोत.

लहान असणे हा दोष नाही

स्काऊट चळवळीची सुरुवातच लहान होती. 1 ऑगस्ट 1907 रोजी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊन्सी बेटावर पहिले शिबिर भरवले. तिथे सुमारे वीस मुले होती. काही बड्या घरची, काही कामकरी घरची. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला एका प्राण्याचे किंवा पक्ष्याचे नाव दिले. मुलांना हाकण्याऐवजी त्यांनी प्रत्येक संघावर त्यांच्यातलाच एक नायक नेमला. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक निघाले आणि चळवळ देशोदेशी पसरली. आपल्या देशात 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स'ची स्थापना झाली.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. स्काऊटिंगचा खरा घटक पथक नसून संघ आहे. आपली नऊ मुले म्हणजे ब्राऊन्सीवरचे जवळजवळ दोन संघ. तेव्हा पथक किती मोठे आहे यापेक्षा संघ जिवंत आहे का, हे पाहिले पाहिजे.

संघ जिवंत कसा राहतो?

इथे आमची चूक आम्ही कबूल करतो. मुले कमी झाली तसे आम्ही मोठेच सगळे करू लागलो. खेळ आम्ही ठरवायचे, दोर आम्ही आणायचे, शिट्टी आम्ही फुंकायची. मुले नुसती उभी राहायची. ज्याला काही काम नाही त्याचे पाय दुसऱ्या रविवारी घराबाहेर का पडावेत?

आता दोन संघनायक आहेत. महिन्यातून एकदा ते आमच्याबरोबर मानसभेला बसतात आणि पुढच्या चार रविवारी काय करायचे ते ठरवतात. एकाकडे प्रथमोपचाराची पेटी, दुसऱ्याकडे हजेरी, तिसऱ्याकडे दोर आणि काठ्या. जो आला नाही त्याच्या घरी संघनायकाने त्याच आठवड्यात जायचे. पथक लहान असल्यामुळे एकाची गैरहजेरी लगेच कळते. मोठ्या पथकात हे घडत नाही.

गावाच्या वेळापत्रकाप्रमाणे

घरोघर फिरताना आम्हांला वाटले होते की, मुलांना गोडी उरली नाही असे ऐकायला मिळेल. तसे कोणीच म्हटले नाही. कारणे वेगळीच निघाली. दहावीच्या मुलांचे क्लास रविवारी सकाळी असतात. आपल्या पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातून काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परत येतात. कांदे लागवडीच्या दिवसांत मोठी मुले रोजावर जातात. शहरातल्या पथकाचे वेळापत्रक आपल्याकडे कसे चालेल?

म्हणून आम्ही तीन बदल केले. मोठे उपक्रम आणि मुक्कामाचे शिबिर ऊसतोडीपूर्वी किंवा मे महिन्यात. लागवड-काढणीच्या दिवसांत सभा एका तासाचीच. आणि तोडीवर गेलेल्या मुलाचे नाव हजेरीतून काढायचे नाही. तो परत येतो तेव्हा त्याचा स्कार्फ त्याची वाट पाहत असतो.

जे उपयोगी, ते शिकवा

शहरातली मुले शिबिरात तीन दगडांची चूल मांडायला शिकतात. आपली मुले ती रोज पेटवतात. कासरा आणि दावे बांधणाऱ्या मुलाला गाठीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्याला रीफ नॉट, क्लोव्ह हिच आणि बोलाईन कोणत्या कामी येते एवढेच दाखवावे. मग पुढे काय शिकवायचे? गावात ज्यावाचून जीव जातात, ते.

आपल्या शिवारात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. साप चावला तर माणसाला धीर द्यावा, चालवू नये, चावलेला अवयव न हलेल असा ठेवावा. अंगठी, जोडवी, पैंजण काढावेत. घट्ट आवळून बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. 108 क्रमांकाला फोन करून थेट प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्यावे. विहिरीत कोणी पडले तर उडी न मारता दोर किंवा बांबू टाकावा आणि मोठ्यांना हाक मारावी. हे नऊ मुलांना पाठ झाले, तर नऊ घरांना माहीत झाले.

सप्टेंबरमधील हरेगावच्या मतमाउली यात्रेत पाणी वाटणे, हरवलेल्या मुलांना सांभाळणे, म्हाताऱ्यांना हात देणे ही सेवाही मुलांना करता येते.

गणवेश आणि पैसा

एका आईने अगदी हळू आवाजात सांगितले, "गणवेशाला पैसे नाहीत, आणि तसंच पाठवायला पोराला लाज वाटते." हे आम्हांला आधी कळायला हवे होते. आता नवीन मुलाला पहिले सहा महिने फक्त स्कार्फ पुरे. मोठ्या झालेल्या मुलांचे गणवेश धुऊन, इस्त्री करून एका पेटीत ठेवले आहेत. कोणाचा गणवेश कोणाला मिळाला, हे कोणी बोलत नाही.

वचन आणि शेजारी

स्काऊटच्या वचनात देवाप्रती व देशाप्रती कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊट नियमांचे पालन या तीन गोष्टी आहेत. आपल्या देशातील वचनात 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' असेही म्हणता येते. त्यामुळे वस्तीवरची हिंदू, बौद्ध, मुस्लीम मुलेही आपल्या पथकात मोकळेपणाने येऊ शकतात. त्यांना बोलावणे हे आपलेच काम आहे. फ्रान्समधील येशूसंघीय धर्मगुरू जाक सवँ यांनी 1920 मध्ये तिथल्या कॅथोलिक स्काऊट संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. 2012 मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. मुलांबरोबर मैदानात घालवलेला वेळही पवित्रतेचा मार्ग होऊ शकतो, हे त्यांच्या जीवनातून आपण शिकतो.

आमची एक विनंती

गाईड पथक मुली कमी होत्या म्हणून बंद पडले नाही. ते एकाच व्यक्तीच्या खांद्यावर होते म्हणून बंद पडले. स्काऊट पथकाचेही तसेच होऊ नये. प्रत्येक सभेला किमान दोन मोठी माणसे हवीत. मुलांच्या सुरक्षिततेसाठीही हे आवश्यक आहे. कोणाही मोठ्याने मुलाला एकटे घेऊन जाऊ नये, आणि मुक्कामाला जाण्यापूर्वी पालकांची लेखी संमती असावी. मुलींचे पथक पुन्हा सुरू करायचे तर दोन भगिनींनी पुढे यावे. वय, शिक्षण यांची अडचण मानू नये. प्रशिक्षण मिळते. महिन्यातून दोन रविवार द्यायची तयारी हवी.

त्या वडीलधाऱ्यांना आमचे उत्तर एवढेच : नऊ मुलांसाठी खटाटोप करायचा, कारण ती नऊ आपली आहेत. पथक बंद करायला एक बैठक पुरते, पुन्हा उभे करायला काही वर्षे लागतात.

घरी चर्चेसाठी

1. आपल्या घरातील किंवा शेजारचे एखादे मूल पथकात येणे का थांबले? आपण त्याला विचारले आहे का?
2. आपल्याला येणारे कोणते एक कौशल्य आपण मुलांना शिकवू शकतो?
3. महिन्यातले दोन रविवार आपल्यापैकी कोण देऊ शकेल?