व्हिम आपलं का ऐकत नाही?

‘डॉट व्हिमआरसी’ फाइलमध्ये ‘सेट शिफ्टविड्थ=२’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. मग हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांच्या पावसाची सरासरी काढणारा पायथॉन प्रोग्राम उघडावा, तर ओळ चार जागा आत सरकते! ग्रुप प्रोजेक्टची जुनी फाइल दोन जागांची असेल, तर नव्या ओळी जुळत नाहीत आणि पायथॉन ‘इंडेंटेशन एरर’ देऊन मोकळा होतो.

(आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या.)

यात बिघाड काहीच नाही, प्रश्न क्रमाचा आहे. व्हिम सुरू होताना आधी आपली व्हिमआरसी वाचतो. नंतर फाइल उघडली की तिचा प्रकार ओळखून त्या प्रकाराची ‘एफटीप्लगइन’ फाइल वाचतो. पायथॉनच्या या फाइलमध्ये चार जागा ठरलेल्या आहेत. जो शेवटी बोलतो त्याचं चालतं.

आधी खात्री करा. ‘:व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ?’ असं विचारलं की किंमत शेवटी कोणत्या फाइलने बदलली ते व्हिमच सांगतो.

आता उपाय. होम डिरेक्टरीतल्या ‘डॉट व्हिम’ फोल्डरमध्ये ‘आफ्टर’ फोल्डर, त्यात ‘एफटीप्लगइन’ आणि त्यात ‘पायथॉन डॉट व्हिम’ ही फाइल तयार करा. तिच्यात एकच ओळ लिहा:

सेटलोकल शिफ्टविड्थ=२ सॉफ्टटॅबस्टॉप=२

व्हिमआरसीत ‘फाइलटाइप प्लगइन ऑन’ हवंच. ‘आफ्टर’ न करता नुसत्या ‘एफटीप्लगइन’मध्ये ठेवलेली फाइल सिस्टिमच्या फाइलआधी वाचली जाते, म्हणून उपयोग होत नाही. ‘सेटलोकल’ऐवजी ‘सेट’ लिहिलं, तर तीच किंमत त्यानंतर उघडलेल्या इतर फाइलींनाही चिकटते. आणि सिस्टिमच्या मूळ फाइलला हात लावू नका. लॅबच्या मशीनवर तो बदल सगळ्यांना भोगावा लागतो, शिवाय व्हिम अपडेट झाला की पुसलाही जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ लिहिला तेव्हापासूनचा हा नियम. म्हणून व्हिमआरसीत ‘एक्स्पांडटॅब’ असला तरी व्हिम मेकफाइलपुरता तो बंद करतो. तिथे त्याचं ऐका, नाहीतर ‘मिसिंग सेपरेटर’ ठरलेलाच!