लायब्ररी स्वतः बिल्ड करून जोडताना

सी प्लस प्लसमध्ये आम्ही लहान मुलांसाठी मराठी गोष्टी वाचायचा एक प्रोग्राम लिहीत होतो. मोठी अक्षरं, आणि जो शब्द वाचून दाखवला जातोय तो रंगाने उठून दिसायचा. रास्पबेरी पायसारख्या छोट्या लिनक्स यंत्रांवर तो चालायला हवा होता, शिवाय शाळांमधल्या जुन्या विंडोज संगणकांवरही. ब्राउझरमध्ये अक्षरांचा प्रश्न आयता सुटला असता, पण त्या यंत्रांना ब्राउझर झेपणारा नव्हता. म्हणून फ्रीटाइप आणि हार्फबझ या दोन मुक्तस्रोत लायब्रऱ्या स्वतः बिल्ड करून प्रकल्पात जोडल्या. जे करताना कळलं ते इथे लिहितो आहे. भाषा किंवा लायब्ररी दुसरी असली तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

१. लायब्ररीचं काम कुठे संपतं ते आधी शोधा

फ्रीटाइप फॉन्टच्या फाइलमधून आकृती काढून देते आणि ती ठिपक्यांमध्ये रंगवते. एवढ्यावर इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी चालतो, मराठी चालत नाही. 'किल्ला' या शब्दात वेलांटी साठवलेली असते क नंतर, पण दिसायला हवी क च्या आधी. दोन ल मिळून जोडाक्षर व्हायला हवं. हे ठरवणं फ्रीटाइपचं काम नव्हे, त्यामुळे तिच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी उपाय सापडत नाही.

ते काम हार्फबझचं. तिला युनिकोडमधला मजकूर आणि फॉन्ट द्यायचा. कोणत्या आकृत्या, कोणत्या क्रमाने, एकमेकींपासून किती अंतरावर, हे ती परत देते; यालाच शेपिंग म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रऑफिस या सगळ्यांत हीच लायब्ररी हे काम करते. मात्र ओळ कुठे मोडायची हे ती सांगत नाही. एकाच वाक्यात मराठी आणि इंग्रजी मिसळलं असेल तर त्याचे लिपीनुसार तुकडे करून देणंही आपल्यालाच करावं लागतं. लायब्ररी काय करत नाही याची यादी कागदावर लिहिली की आपल्याकडे उरलेलं काम किती, हे लगेच समोर येतं. आमच्याकडे ओळी मोडण्याचं काम उरलं होतं आणि ते लहान नव्हतं.

२. परवाना पहिल्या दिवशी वाचा

हार्फबझचा परवाना जुन्या एमआयटी पद्धतीचा, अगदी सुटसुटीत. फ्रीटाइप दोन परवान्यांखाली मिळते: तिचा स्वतःचा, ज्यात श्रेय देण्याची अट आहे, किंवा जीपीएलची दुसरी आवृत्ती. आपण निवडायचं. फॉन्टलाही परवाना असतो हे अनेक जण विसरतात. आम्ही घेतलेला 'मुक्त' हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, त्यामुळे प्रोग्रामबरोबर वाटता येतो. परवान्याच्या तिन्ही फाइली प्रकल्पाच्या एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि प्रोग्रामच्या माहितीच्या पडद्यावर नावं दिली. तासाभराचं काम आहे.

३. आपल्या प्रकल्पाला हात लावण्याआधी लायब्ररी एकटी बिल्ड करा

माझा सगळ्यांत जास्त आग्रह या मुद्द्यावर आहे. उबुंटू किंवा डेबियनवर तयार पॅकेज एका आज्ञेत मिळतं, आणि रोजच्या कामाला ते उत्तमच. पण जी लायब्ररी आपल्या प्रोग्रामचा कणा होणार आहे, ती एकदा तरी मूळ कोडवरून, वेगळ्या फोल्डरमध्ये स्वतः बिल्ड करावी. त्यातून ती कशावर अवलंबून आहे हे कळतं, तयार पॅकेजमध्ये ते झाकलेलं राहतं.

हार्फबझ मेसन आणि निन्जा वापरून बिल्ड होते. ग्लिब, कैरो, आयसीयू, फ्रीटाइप अशा अनेक लायब्रऱ्यांशी ती जोडता येते, पण नुसत्या शेपिंगसाठी यातली एकही अत्यावश्यक नाही. म्हणून प्रत्येक पर्याय आपण लिहून चालू किंवा बंद करावा. बऱ्याच बिल्ड व्यवस्था यंत्रावर जे सापडेल ते आपोआप जोडून घेतात. मग एकाच कोडमधून तुमच्या यंत्रावर एक लायब्ररी तयार होते आणि सहकाऱ्याच्या यंत्रावर दुसरी.

फ्रीटाइपचंही तसंच. वॉफ२ फॉन्टसाठी तिला ब्रॉटली लागते, चित्रमय इमोजीसाठी लिबपीएनजी. आमच्या गोष्टींत यातलं काही नव्हतं, दोन्ही बंद केली. पुढे जोडताना तेवढ्या लायब्रऱ्यांचा व्याप वाचला.

मग येतं या जोडीचं प्रसिद्ध वर्तुळ. हार्फबझला फ्रीटाइपशी बोलायचं तर आधी फ्रीटाइप तयार हवी, आणि फ्रीटाइपच्या ऑटोहिंटरला लिपीनुसार आकृत्या ओळखायला हार्फबझची मदत होते. पूर्ण जोडणी हवी असेल तर हार्फबझशिवाय फ्रीटाइप, मग तिच्यासह हार्फबझ, आणि शेवटी हार्फबझसह पुन्हा फ्रीटाइप, असं तीनदा बिल्ड करण्याची रीत पडली आहे. ऑटोहिंटरचा उपयोग मुख्यतः बारीक अक्षरं सुबक दिसण्यासाठी असतो. आमची अक्षरं तळहाताएवढी, म्हणून आम्ही दुसऱ्या पायरीवरच थांबलो. वर्तुळ समजलं होतं म्हणूनच ते मध्येच सोडता आलं.

बिल्ड झाल्यावर लायब्ररीच्या स्वतःच्या चाचण्या चालवा, आणि तिच्यासोबत येणारी छोटी साधनं वापरून पाहा. 'एचबी-शेप' या साधनाला फॉन्ट आणि 'कि' दिलं की आधी वेलांटीची आकृती आणि मग क ची, असा क्रम छापून येतो. आपल्या कोडची एकही ओळ न लिहिता लायब्ररी आणि फॉन्ट दोन्ही ठीक आहेत याची खात्री होते. पुढे काही बिघडलं तर शोधायचं कुठे, याचा अर्धा पसारा इथेच कमी होतो.

४. चूक कोणत्या टप्प्यावर आली ते आधी बघा

लायब्ररी जोडताना येणाऱ्या चुका तीन टप्प्यांवर येतात, आणि नवीन मुलं त्या एकत्र करून घाबरतात. हेडर फाइल सापडत नाही अशी तक्रार असेल तर ती कंपायलरची, म्हणजे हेडरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा राहिला. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं की ते लिंकरचं: हेडर मिळाली, पण खरा कोड मिळाला नाही. प्रोग्राम तयार झाला आणि चालवताना शेअर्ड लायब्ररी उघडत नाही म्हणाला, तर लिंकिंग ठीक आहे, चालतेवेळी शोधायची जागा चुकते आहे. तिथे 'एलडीडी' चालवून पाहिलं की कोणती फाइल कुठून उचलली जातेय ते दिसतं. आपण बिल्ड केलेल्या लायब्ररीऐवजी सिस्टिममधली जुनीच उचलली जाते आहे, हेही अनेकदा तिथेच उघड होतं.

स्टॅटिक लायब्रऱ्यांमध्ये क्रमही पाहावा लागतो. लिनक्सवरचा जीएनयूचा लिंकर नावं डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून जिला गरज आहे ती आधी आणि जी गरज भागवते ती नंतर. हार्फबझ आधी, फ्रीटाइप नंतर. सीमेकमध्ये अवलंबित्व नीट लिहिलं तर हा क्रम तो स्वतः लावतो. विंडोजवर सगळ्या तुकड्यांना सी रनटाइमचा एकच पर्याय द्या. एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्या रनटाइमने सोडली की प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो.

विंडोजसाठी मेसन बसवायची तयारी नसेल तर हार्फबझने सोय केली आहे. तिच्या कोडमध्ये एक फाइल अशी आहे की ती बाकीच्या सगळ्या फाइली आत ओढून घेते. ती एकच आपल्या प्रकल्पात कंपाइल करायची. फ्रीटाइपची जोडणी हवी तर तेवढी एक व्याख्या कंपायलरला द्यायची. आम्ही विंडोजवर हेच केलं.

५. व्हर्जन खिळवून ठेवा, आणि कोड कुठून आला ते लिहून ठेवा

सीमेकच्या फेचकंटेंटमध्ये शाखेचं नाव देऊ नये, कमिटचा पूर्ण हॅश द्यावा. शाखा रोज पुढे सरकते, टॅगही कुणाला हलवता येतो. हॅश त्या एकाच कोडचा असतो.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली संकुचित करणाऱ्या मुक्तस्रोत साधनाचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हापासून मी याबाबत जास्त काटेकोर आहे. ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदार पेरलेलं होतं. घातक मजकूर चाचण्यांच्या फाइलींत लपवलेला होता, आणि त्याला बिल्डमध्ये जागं करणारी स्क्रिप्ट फक्त प्रकाशित केलेल्या संकुचित फाइलीत होती, गिटमधल्या कोडमध्ये नव्हती. गिटमधला कोड वाचणाऱ्याला पूर्ण चित्र दिसलंच नसतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि त्यातून सगळं बाहेर आलं. अर्ध्या सेकंदाचा माग काढणाऱ्या त्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे. आपण निदान आपली संकुचित फाइल कुठून आली आणि तिचा चेकसम काय, एवढं तरी प्रकल्पात नोंदवून ठेवू शकतो.

६. लायब्ररीशी बोलणारी एकच फाइल ठेवा

आमच्या प्रकल्पात हार्फबझची हेडर फक्त एका फाइलमध्ये आहे. बाकी कोडला एवढंच माहीत आहे की मजकूर दिला की आकृत्यांची रांग मिळते. अंतरं पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागात येतात, अक्षराचा आकार बदलला की हार्फबझला ते कळवावं लागतं, या खाचाखोचा त्या एका फाइलीतच राहिल्या.

७. चाचणीचे शब्द आपल्या भाषेतून निवडा

लायब्ररीच्या स्वतःच्या चाचण्या तिचं काम तपासतात. आपण तिला बरोबर माहिती देतो का, हे त्या तपासू शकत नाहीत. म्हणून शब्दांची एक साधी फाइल केली: 'रात्र', 'ज्ञान', 'श्री', 'किल्ल्यात', 'कुऱ्हाड', 'कर्तृत्व', 'दर्या', 'दऱ्या'. प्रत्येक शब्दासाठी अपेक्षित आकृत्यांची रांग साठवली आणि प्रत्येक बिल्डनंतर ती ताडून पाहतो.

दोन गोष्टी या फाइलीतूनच पकडल्या गेल्या. पहिली 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोडीतून. समुद्र वेगळा आणि डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या. 'दऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह देऊन. आमच्याकडे आलेल्या गोष्टींत दोन्ही प्रकार होते. मजकूर 'स्वच्छ' करणारी एक तयार सोय न दिसणारी चिन्हं पुसून टाकत होती, आणि दऱ्याखोऱ्यांत फिरणारा मुलगा थेट समुद्रात जात होता. दोष हार्फबझचा नव्हताच, तिच्यापर्यंत मजकूर पोहोचण्याआधीचा होता.

दुसरी गोष्ट भाषेची. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी प्रमाण मानले. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये मूळ रूपं हिंदी वळणाची असतात आणि मराठी रूपं वेगळी ठेवलेली असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच ती येतात. हार्फबझला भाषा सांगितली नाही आणि अंदाज करायला लावलं, तर ती यंत्राच्या लोकेलमधून भाषा घेते. म्हणजे मराठी लोकेल लावलेल्या संगणकावर सगळं छान दिसतं आणि शाळेतल्या इंग्रजी विंडोजवर तोच ल परका होतो. लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, या दोन ओळी कोडमध्ये स्पष्ट लिहाव्यात. पहिलीतलं मूल फळ्यावर जो ल गिरवतं, तोच त्याला पडद्यावर भेटायला हवा. हा मुद्दा मला कोणत्याही वेगापेक्षा आणि मेमरीपेक्षा मोठा वाटतो.

वाचला जाणारा शब्द रंगवणं राहिलं. त्यासाठी हार्फबझ प्रत्येक आकृतीबरोबर 'क्लस्टर' नावाचा आकडा देते, ती मूळ मजकुरात कुठून आली ते सांगणारा. यूटीएफ-८ मजकूर दिला असेल तर तो आकडा बाइटमध्ये असतो, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'कि' च्या दोन्ही आकृत्यांचा क्लस्टर एकच, त्यामुळे रंगही दोघींना एकदमच द्यायचा.

८. अडलं तर नीट विचारा, सापडलं तर परत द्या

एक्सझेड युटिल्स अनेक वर्षं मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. हल्ला करणाऱ्याने मदतनीस बनून विश्वास मिळवला तो याच परिस्थितीत. आपण फुकट वापरतो त्या कोडमागे अशी थकलेली माणसं असतात, हे लक्षात ठेवून तक्रार लिहावी.

शेपिंगबद्दल काही कळवायचं असेल तर 'मराठी नीट दिसत नाही' आणि एक स्क्रीनशॉट, एवढं पुरत नाही. देखरेख करणाऱ्याला मराठी वाचता येईल असं गृहीत धरू नये. फॉन्टचं नाव आणि व्हर्जन द्यावं, शब्दाचे युनिकोड संकेतांक एकेक करून द्यावेत, 'एचबी-शेप'ची आज्ञा आणि तिने छापलेली रांग जोडावी, आणि अपेक्षित अक्षराचं चित्र मोठ्या आकारात द्यावं. त्याआधी तोच शब्द दुसऱ्या एखाद्या देवनागरी फॉन्टमध्ये तपासावा. तिथे बरोबर दिसला तर दोष बहुधा पहिल्या फॉन्टचा, आणि पत्र फॉन्ट करणाऱ्यांना जायला हवं.